फायर धरून तिरकी लाथ मारली की बसत नाही: कराटेच्या जुन्या गेममधली नेहमीची अडचण

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला की पहिल्या दोन दिवसांतच आतल्या खोलीतून हाक येते, "आत्या, हे बघ ना! मी मागची लाथ मारतोय आणि हा सरळ उडीच मारतोय!" गेल्या वर्षी हेच झालं, त्याच्या आदल्या वर्षीही. शेजारचा मुलगा हेच म्हणतो आणि माझ्या ऑफिसातला चाळिशीचा सहकारीही हेच म्हणतो. गेम कधी 'द वे ऑफ द एक्सप्लोडिंग फिस्ट' असतो, कधी 'इंटरनॅशनल कराटे', तर कधी त्याचा पुढचा भाग 'आयके प्लस'. तक्रार मात्र शब्दशः तीच. सरळ ठोसे बसतात, पुढे-मागे चालता येतं, पण फायर (जॉयस्टिकवरचं बटण) धरून तिरक्या दिशेला जायचं म्हटलं की खेळाडू भलतंच काहीतरी करतो. काही चाली तर कितीही दाबलं तरी येतच नाहीत.

बहुतेक जण दोन दिवस झगडून "गेमच बंडल आहे" म्हणतात आणि सोडून देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. या गेमचा सगळा जीव त्या तिरक्या चालींत आहे. त्या येत नसतील तर अर्धा गेम तुम्ही पाहिलेलाच नाही.

तिरक्या चालींना इतकं महत्त्व कसं आलं, ते आधी सांगते, कारण दुखणं तिथूनच सुरू होतं. १९८४ साली आर्केडमध्ये 'कराटे चँप' आला. त्यात प्रत्येक खेळाडूला दोन जॉयस्टिक होत्या. चाली खेळायला बटण नव्हतंच, दोन दांड्यांच्या जोडीतून सगळ्या लाथा आणि ठोसे निघायचे. घरच्या कॉम्प्युटरला मात्र एकच जॉयस्टिक आणि तिच्यावर एकच बटण. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या बीम सॉफ्टवेअरमध्ये ग्रेग बार्नेट यांनी १९८५ मध्ये 'एक्सप्लोडिंग फिस्ट' केला, तेव्हा त्यांच्या हातात एवढंच सामान होतं. इंग्लंडमध्ये सिस्टिम ३ या कंपनीसाठी आर्चर मॅक्लीन यांनी कमोडोर ६४ या घरगुती कॉम्प्युटरवर 'इंटरनॅशनल कराटे' आणि १९८७ मध्ये 'आयके प्लस' लिहिला, त्यांच्याही हातात तेवढंच. उत्तरही दोघांचं सारखंच आलं: आठ दिशा, प्रत्येक दिशा एकदा फायर न दाबता आणि एकदा फायर दाबून. म्हणजे सोळा जागा, आणि त्या सोळा जागांत कराटेच्या चाली वाटून टाकलेल्या. फायर न दाबता चालणं, उडी, बसणं, ठोसे आणि कोलांट्या. फायर दाबून मुख्यतः लाथा. फायर आणि वर म्हणजे उडती लाथ, नुसतं वर म्हणजे साधी उडी.

सोळापैकी आठ जागा तिरक्या आहेत. त्यातल्या चार फायर धरून घ्यायच्या. खऱ्या जॉयस्टिकवर यात काहीच अवघड नव्हतं. दांडी कोपऱ्यात ढकलली की आतले दोन संपर्क एकदम जुळायचे. आज आपण हे गेम व्हाइससारख्या इम्युलेटरवर (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर), बहुधा लॅपटॉपच्या कीबोर्डवर खेळतो. तिथे फायर आणि वर-डावीकडे म्हणजे एका वेळी तीन बटणं दाबायची. गाडी तिथेच अडते.

सेटिंग बदलायला हात लावायच्या आधी एक चाचणी करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दोष बोटांचा, कीबोर्डचा की सेटिंगचा हे ती डोळ्यांसमोर आणते. गेम न चढवता इम्युलेटरमध्ये कमोडोर ६४ सुरू करा. निळा पडदा आणि 'रेडी' हा शब्द दिसला की बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेची ही एक ओळ टाका (अक्षरं आणि आकडे अर्थातच इंग्रजी): १० प्रिंट पीक(५६३२०) अँड ३१ : गोटू १०. मग रन. पडद्यावर ३१, ३१, ३१ असे आकडे धावू लागतील. पोर्ट २ मध्ये, म्हणजे जॉयस्टिकच्या दोन खाचांपैकी दुसरीत, लावलेल्या जॉयस्टिकची ही अवस्था आहे. चार दिशा आणि फायर यांचा प्रत्येकी एक बिट, म्हणजे १ किंवा ० दाखवणारी खूण. काहीच दाबलेलं नसताना पाचही बिट १ असतात, म्हणून बेरीज ३१. जे दाबाल त्याचा बिट शून्य होतो आणि तेवढा आकडा वजा होतो. वरसाठी १, खालीसाठी २, डावीकडे ४, उजवीकडे ८ आणि फायरसाठी १६.

नुसतं वर दाबलं की ३० दिसायला हवा, खाली २९, डावीकडे २७, उजवीकडे २३, नुसत्या फायरला १५. फायर न धरता चार कोपरे असे: वर-डावीकडे २६, वर-उजवीकडे २२, खाली-डावीकडे २५, खाली-उजवीकडे २१. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप ते फायरसकटचे चार कोपरे: वर-डावीकडे १०, वर-उजवीकडे ६, खाली-डावीकडे ९, खाली-उजवीकडे ५. प्रोग्रॅम थांबवायला एस्केप दाबा, व्हाइसमध्ये ते कमोडोरच्या रन-स्टॉप बटणाचं काम करतं.

आता फायर, वर आणि डावीकडे अशी तिन्ही बटणं घट्ट धरा आणि आकडा वाचा. १० आला तर ठीक. २६ आला तर दिशा पोचली, पण फायर वाटेत हरवलं, म्हणजे गेमला तुम्ही लाथ मागितलेलीच नाही. १४ आला तर डावीकडचं बटण गळलं आणि तिरक्या लाथेऐवजी उडती लाथ निघणार. ११ आला तर वरचं गळलं. भाच्याच्या लॅपटॉपवर १४ आला होता. तो जिवाच्या आकांताने तीन बटणं दाबत होता आणि गेमपर्यंत दोनच पोचत होती. आकडा बघून त्याचा चेहरा खुलला, कारण त्याच्या बोटांची काहीच चूक नव्हती.

मग बटणं गळतात कुठे? साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आत आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते आणि प्रत्येक बटण एका आडव्या आणि एका उभ्या तारेच्या छेदावर बसतं. आतली चिप एकेक ओळ तपासत जाते आणि कुठला छेद जुळला ते बघते. एक बटण दाबलं, दोन दाबली, काहीच अडचण नाही. पण दाबलेली तीन बटणं या जाळीतल्या एखाद्या चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर आली, की वीज आडवाटेने फिरते आणि चौथ्या कोपऱ्यावरचं न दाबलेलं बटणही दाबल्यासारखं दिसतं. यालाच घोस्टिंग म्हणतात. प्रत्येक बटणाला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावला की हे टळतं, पण त्याला पैसे पडतात. म्हणून स्वस्त कीबोर्डची चिप शंका आली की तिसरं बटण नोंदवतच नाही. वर, डावीकडे आणि स्पेस ही तिकडी अनेक कीबोर्डवर अशीच अडते, आणि नेमकी तीच आपल्या हातात सहज येते. कुठली तिकडी अडेल हे प्रत्येक कीबोर्डच्या जाळीवर ठरतं. म्हणूनच तुमच्या मित्राच्या लॅपटॉपवर जी लाथ बसते ती तुमच्याकडे बसत नाही.

'भारी गेमिंग कीबोर्ड घ्या' हा सल्ला मी देणार नाही. घेतलात तर प्रश्न सुटेल, पण पैसे न खर्चताही तो पूर्ण सुटतो.

कुठल्याही कीबोर्डवर दोन बटणं एका वेळी नक्की पोचतात. तेव्हा तीन बटणं दाबायची वेळच येऊ द्यायची नाही. व्हाइसच्या जॉयस्टिक सेटिंगमध्ये कीसेट नावाची सोय आहे, अ आणि ब असे दोन. त्यात वर, खाली, डावीकडे, उजवीकडे यांच्याबरोबर चारही तिरक्या दिशांना स्वतःचं वेगळं बटण देता येतं. बहुतेक जण चार बाणांवर चार दिशा नेमून मोकळे होतात आणि तिरक्या जागा रिकाम्याच सोडतात. त्या भरा. आठ दिशांना आठ बटणं आणि नववं फायर. आता कुठलीही चाल म्हणजे जास्तीत जास्त दोन बटणं: एक दिशा आणि फायर.

मोठा कीबोर्ड असेल तर उजवीकडचा आकड्यांचा भाग यासाठीच केल्यासारखा आहे. ७, ८, ९ वरची रांग, ४ आणि ६ बाजूंना, १, २, ३ खाली, मधला ५ रिकामा. बोटांना दिशा आपोआप कळतात. लॅपटॉपवर तो भाग नसेल तर डाव्या हाताखाली क्यू, डब्ल्यू, ई वर, ए आणि डी बाजूंना, झेड, एक्स, सी खाली, आणि उजव्या हाताने स्पेसवर फायर. दोनच बटणांचा मामला असल्यामुळे स्पेस चालतो. पहिला अर्धा तास बोटं अडखळतील, मग त्यांना घरचा रस्ता सापडतो.

हे करताना जिथे माणसं फसतात त्या जागा सांगते, कारण "कीसेट लावला तरी होत नाही" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो.

कीसेट नुसता भरून भागत नाही. पोर्ट २ ला उपकरण म्हणून तोच कीसेट निवडायचा, आणि कीसेट वापरायला परवानगी देणारी खूण वेगळी असते तीही करायची. झालं की नाही हे बघायला 'रेडी' समोर त्यातलं एखादं बटण दाबा. अक्षर उमटलं तर कीसेट अजून बंदच आहे.

कीसेट चालू झाला की त्यातली अक्षरं टाइप होत नाहीत. अक्षरांचा कीसेट ठेवलात तर वरची चाचणीची ओळ टाइपच करता येणार नाही, कारण प्रिंटला नाही पण पीकला ई लागतो आणि अँडला ए आणि डी. 'लोड'मध्येही ए आणि डी आहेतच. आधी ओळ टाका, रन करा आणि मगच कीसेट चालू करा. मी स्वतः यात एक संध्याकाळ घालवली आहे, तुमची वाचावी.

फायरला शिफ्ट देऊ नका. विंडोजवर नम लॉक चालू असताना शिफ्ट धरला की आकड्यांची बटणं होम, एंड आणि बाणांसारखी वागू लागतात, दिशा गायब होतात. शिवाय शिफ्ट पटापट पाच वेळा दाबला की स्टिकी कीजची खिडकी उघडते, आणि तीही नेमकी प्रतिस्पर्धी अंगावर येताना. उजवीकडचा कंट्रोल उत्तम. मॅकवर मात्र कंट्रोल आणि बाण एकत्र दाबले तर पडदाच बदलतो, त्यामुळे तिथे बाणांच्या जोडीला कंट्रोल नको.

नम लॉक ज्या स्थितीत ठेवून खेळणार, त्याच स्थितीत बटणं नेमा. एरवी नेमलेलं बटण आणि दाबलेलं बटण इम्युलेटरला वेगवेगळी वाटू शकतात.

एवढं करून पुन्हा चाचणी घ्या. १०, ६, ९, ५ हे चार आकडे आले की यंत्राच्या बाजूचं काम झालं. आता हाताचं थोडं, आणि हे मला फार जवळचं आहे. हे गेम युरोपातल्या टीव्हीच्या ५० हर्ट्झवर बेतलेले, म्हणजे एक फ्रेम सेकंदाच्या पन्नासाव्या भागाची. एवढ्याशा वेळातसुद्धा दिशा आधी पोचली आणि फायर मागून आलं, तर खेळाडू फायरविना असलेली चाल सुरू करतो. आणि एकदा सुरू केलेली चाल तो पुरी केल्याशिवाय राहत नाही. म्हणून फायर आधी धरायचं, दिशा मग. तीन बटणांच्या पद्धतीत आणखी एक लबाडी होती. वर आणि डावीकडे ही दोन बोटं कधीच एकाच क्षणी पडत नाहीत, त्यामुळे कोपऱ्यात पोचायच्या आधीच 'वर' वाचलं जायचं. तिरकीला स्वतःचं बटण दिल्यावर तेही संपतं. भाच्याला मी सांगते, "बाळा, आधी अंगठा फायरवर, मग दिशा." दोन दिवसांत त्याची मागची लाथ माझ्यापेक्षा चांगली बसू लागली.

दिशांबद्दल आणखी एक. 'एक्सप्लोडिंग फिस्ट'मधल्या चालींचे तक्ते खेळाडू उजवीकडे तोंड करून उभा आहे असं धरून छापलेले असतात. तो डावीकडे वळला की सगळं आरशातल्यासारखं उलटतं. आकडे बरोबर येत असूनही लाथ चुकत असेल तर आधी त्याचं तोंड कुठे आहे ते बघा.

काही जण म्हणतात, काहीच हलत नाही. त्यांचा बहुधा पोर्ट चुकलेला असतो. व्हाइसमध्ये ऑल्ट आणि जे दाबून दोन्ही पोर्टची अदलाबदल होते. चाचणीत पोर्ट १ बघायचा असेल तर ५६३२० ऐवजी ५६३२१ घाला. पोर्ट १ च्या तारा कीबोर्डच्या तारांशी सामाईक आहेत, म्हणून तिथली जॉयस्टिक हलवली की पडद्यावर नको ती अक्षरं उमटतात, फायरने स्पेस उमटतो. घाबरू नका, यंत्रच तसं आहे. सगळं वाऱ्याच्या वेगाने पळत असेल तर चुकून ऑल्ट आणि डब्ल्यू दाबून वॉर्प, म्हणजे इम्युलेटर जमेल तेवढा पळवायची सोय, चालू झालंय. थोडंच वेगवान वाटत असेल आणि संगीतही घाईत वाजत असेल, तर इम्युलेटरमधलं यंत्र अमेरिकी एनटीएससी पद्धतीवर आहे. तिथे ६० हर्ट्झ, म्हणजे सगळं वीस टक्के जलद. मॉडेल पाल (युरोपातली ५० हर्ट्झची पद्धत) करा. 'इंटरनॅशनल कराटे'ला रॉब हबर्ड यांनी दिलेलं संगीत दहा मिनिटांहून जास्त चालतं. ते त्याच्या खऱ्या लयीतच ऐकायला हवं. मी तर कित्येकदा सिडनीच्या ऑपेरा हाउससमोर खेळाडू नुसता उभा ठेवून ते ऐकत बसते.

स्पेक्ट्रम या त्याच काळातल्या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते यंत्र खरोखर पोचलं होतं. डेसिबेल्स या कंपनीने स्पेक्ट्रम प्लसची परवाना घेतलेली आवृत्ती भारतात विकली, आणि त्या आठवणीपायी आजही बरेच जण स्पेक्ट्रमचाच इम्युलेटर उघडतात. तिथे घोळ बहुधा जॉयस्टिकच्या प्रकाराचा असतो. केम्पस्टन, सिंक्लेअर आणि कर्सर असे तीन मुख्य प्रकार. इम्युलेटरमध्ये एक आणि गेमच्या मेनूत दुसरा निवडला तर काहीच चालत नाही, दोन्हीकडे तोच हवा. केम्पस्टनची चाचणी याहून सोपी आहे: १० प्रिंट इन ३१, २० गो टू १० (पडदा भरून 'स्क्रोल?' विचारलं की एंटर दाबा). इथे गणित उलटं. काही न दाबता ०, उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८, फायर १६. म्हणजे फायरसकट वर-डावीकडे २६ आणि वर-उजवीकडे २५. शून्याऐवजी सतत २५५ किंवा भलतंच काही दिसत असेल तर केम्पस्टन जोडलेलीच नाही. स्पेक्ट्रमच्या स्वतःच्या कीबोर्डची चाळीस बटणंही आठ गुणिले पाच तारांच्या जाळीवरच होती, तेव्हा बटणं गळायचं हे दुखणं त्याही घरात होतंच.

ज्यांच्याकडे खरा कमोडोर आणि खरी जॉयस्टिक आहे त्यांनीही तीच ओळ टाकून तेच आकडे बघावेत. एखादीच दिशा पोचत नसेल तर जॉयस्टिकच्या आतला तो संपर्क झिजलाय किंवा मळलाय. जॉयस्टिक कॉम्प्युटरपासून काढून मल्टिमीटर लावा: नऊ पिनांच्या जोडणीत ८ नंबरची पिन सामाईक जमीन, १ वर, २ खाली, ३ डावीकडे, ४ उजवीकडे, ६ फायर. दिशा दाबली की ती पिन आणि ८ यांच्यात मीटरने बीप द्यायला हवा. आत पत्र्याच्या पट्ट्या असतील तर त्या हलक्या हाताने स्वच्छ करून किंचित वाकवल्या की बऱ्याचदा काम होतं. मायक्रोस्विच असेल तर तेवढा बदलता येतो. सगळ्या दिशांना बीप येतोय आणि आकडा तरी हलत नाही, असं असेल तर दोष कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये आहे. मग आतली चिप बघणारा माणूस शोधावा लागेल.

गेमपॅड वापरणाऱ्यांनी अॅनालॉग दांडीपेक्षा अधिक-चिन्हासारखा दिशांचा तुकडा वापरावा. गोल फिरणाऱ्या दांडीवर कोपऱ्याची हद्द बोटाला कळत नाही. पण स्वस्त पॅडवर तो तुकडाही कोपऱ्यात कच्चा असू शकतो, तेव्हा विकत घेण्याआधी शक्य असेल तर आकडे बघूनच घ्या.

राहिला दोन जणांचा सामना. एकाच कीबोर्डवर दोघे बसले की दोन अधिक दोन, म्हणजे पुन्हा चार बटणं एकदम, आणि एकाची लाथ दुसऱ्याच्या ठोशामुळे गळायला लागते. मग भांडणं होतात, आणि दोघंही खरंच बोलत असतात. घरात जुना यूएसबी कीबोर्ड पडला असेल तर तो लॅपटॉपला जोडा. त्याची तारांची जाळी वेगळी, त्यामुळे एकाची बटणं दुसऱ्याला अडवत नाहीत. व्हाइसला दोन कीबोर्डमधला फरक कळत नाही, म्हणून दोघांचे कीसेट मात्र वेगवेगळ्या बटणांचे ठेवा, पहिल्याला आकडे, दुसऱ्याला अक्षरं. या सुट्टीत भाचा आणि त्याची बहीण असेच बसले, एक लॅपटॉपवर आणि दुसरी मांडीवर माझा जुना कीबोर्ड घेऊन. 'आयके प्लस'मध्ये तिसरा खेळाडू कॉम्प्युटर असतो आणि तिघांत ज्याचे गुण सर्वांत कमी तो बाद होतो. पहिल्या तीन लढतींत कॉम्प्युटरने भाच्यालाच बाद केलं. चौथ्या लढतीत बहिणीने त्याला खाली-डावीकडची लाथ दाखवली.